मालगुजाराची बोडी, ढिवरांचं जाळं आणि तोंडावर आलेली रजिस्ट्री

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून) :

ताई, नमस्कार. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. गावात पाण्याच्या दोन जागा आहेत, एक मोठा तलाव आणि त्याच्या खालच्या अंगाला एक बोडी, म्हणजे लहान तळं. दोन्ही जुन्या मालगुजाराच्या (गावच्या जमीनदाराच्या) घराण्याच्या म्हणून ओळखल्या जातात. आमची ढिवरांची चौतीस घरं आजोबाच्याही आधीपासून दोन्हीत जाळं टाकतात. दर दसऱ्याला मालकाला ठरलेली रक्कम पोचवतो, सध्या चाळीस हजार. त्यांच्या घरच्या लग्नाकार्याला मासे वेगळे. कागद काहीच नाही. म्हाताऱ्या मालकांनी माझ्या वडिलांना शब्द दिला होता, "माझ्यामागंही या पाण्यात जाळं तुमचंच राहील." म्हातारे मालक वारले. मुलं, नातवंडं नागपुरात. आता त्यांनी शेत, तलाव, बोडी अशी सगळी मालमत्ता विकायला काढली आहे. इसार झाला म्हणतात, पुढच्या महिन्यात रजिस्ट्री. घेणारा बाहेरचा आहे, रिसॉर्ट बांधणार असं ऐकतो. दिवाणजींनी निरोप आणला की सगळ्यांनी मिळून दोन लाख घ्या, स्टॅम्प पेपरवर सह्या द्या आणि जाळी उचला. काही घरं तयार झाली आहेत. आमचा काही हक्क आहे का? आणि हेही सांगा, या पावसाळ्यात माशांचं बीज सोडायचं की नाही?
– गटाचा सचिव

भाऊ,

त्या स्टॅम्प पेपरवर एकाही घराने सही करू नका. उत्तर मोठं आहे, पण हे वाक्य आजच संध्याकाळी बैठकीत वाचून दाखवा. जी घरं तयार झाली आहेत त्यांना रागावू नका. मे महिन्यात हातात पैसा नसतो, आणि दोन लाखांतला वाटा घरटी सहा हजारांच्या आत येत असला तरी तो समोर दिसतो. हक्क डोळ्यांना दिसत नाही. त्यांना एवढंच विचारा : तुमचा काही हक्कच नसेल, तर तो सोडल्याचं लिहून घ्यायला कुणी दोन लाख कशाला मोजेल? घेणाऱ्याच्या वकिलाला रजिस्ट्रीआधी पाणी मोकळं झाल्याचा कागद हवा आहे. तो तुमच्या हातून गेला की पुढचं मी जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं निरुपयोगी ठरेल.

आता मुद्द्यावर. तुम्ही विचारलंत, आमचा हक्क आहे का. मी आधी दुसरा प्रश्न विचारते : जे विकायला काढलंय ते खरंच विकणाऱ्याचं आहे का? तुमच्या पत्रात तलाव आणि बोडी एका दमात आलेत. कायद्याच्या नजरेत त्या दोन फार वेगळ्या वस्तू असू शकतात, आणि माझ्या अंदाजाने तुमच्या बाबतीत तशाच आहेत.

आपल्या भागातली मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, म्हणून तो मध्य प्रदेशाचा मालकी हक्क निर्मूलन कायदा. ३१ मार्च १९५१ हा मालगुजारांचे हक्क सरकारकडे जाण्याचा दिवस ठरला. काय काय गेलं याची यादी त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमातच आहे : पडीत जमीन, जंगल, झाडं, मासेमारी, विहिरी, तलाव, पाण्याचे पाट, बाजार. मासेमारी हा शब्द तिथे तलावापासून वेगळा, नाव घेऊन लिहिलेला आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि नागपूर मिळून सहा हजारांहून अधिक तलावांना आपण आजही 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतो. त्यातला 'माजी' तिथून आला.

पण पाचव्या कलमात काही गोष्टी जुन्या मालकांकडे राहू दिल्या आहेत. ढोबळमानाने सांगायचं तर मालगुजाराच्या स्वतःच्या वहिवाटीच्या शेतातला तलाव किंवा बोडी त्याच्याकडे राहिली. ज्या तलावाच्या पाण्यावर इतरांच्या ओलिताचा हक्क होता, तो सहसा सरकारजमा झाला. म्हणून तुम्हाला विचारते, मोठ्या तलावाचं तुडूम (पाणी सोडायचं दार) उघडलं की पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जातं? फक्त मालकाच्या, की गावातल्या दहा-वीस शेतकऱ्यांच्या? पूर्वापार गावाचं धान त्या पाण्यावर पिकत असेल, तर तो तलाव १९५१ सालीच सरकारचा झालेला असण्याची दाट शक्यता आहे. मग नागपूरचे वारस जे विकतायत ते त्यांचं नाही, आणि तुम्ही इतकी वर्षं दसऱ्याला ज्यांच्या हाती रक्कम दिलीत त्यांना ती घेण्याचा अधिकार नव्हता.

असं अनेक गावांत झालं आहे. कायदा बदलला, पण वाडा तिथेच राहिला, दिवाणजी तिथेच राहिला, आणि दसऱ्याची रक्कम जुन्या वाटेनेच जात राहिली. कुणी विचारलं नाही, कारण मालक बरा माणूस होता. तुमच्या वडिलांना दिलेला शब्द त्यांनी मनापासून दिला असणार, यात मला शंका नाही. पण शब्द देणाऱ्याच्या मागे त्याची मालमत्ता वारसांकडे जाते, शब्द आपोआप जात नाही.

तेव्हा पहिलं काम कागद काढण्याचं. पटवाऱ्याकडून आजचा सातबारा काढाच, पण त्यावर थांबू नका. तलाव आणि बोडीचे गट नंबर वेगळे आहेत का ते पाहा. वेगळे असतील तर दोन्हींचे सातबारे आणि गावचा नकाशा घ्या. मग तहसील आणि जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करा : १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, जुन्या बंदोबस्ताची मिसल (तेव्हाच्या जमीन नोंदींचं दप्तर), निस्तार पत्रक (गावकऱ्यांच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुने कागद भंडाऱ्यालाही विचारावे लागतील. 'सापडत नाही' असं तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, आणि सापडत नसेल तर ते लेखी द्यावं लागतं. १९५१ पासूनचे फेरफारही मागा, म्हणजे कुठल्या वर्षी कुणाचं नाव कशाच्या आधारे लागलं ते कळेल. कधी कधी सगळं प्रकरण एका फेरफारात असतं.

या चार कागदांतल्या शेवटच्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या प्रश्नाचा जीव तिथे आहे आणि वकील मंडळीसुद्धा त्याच्याकडे दुर्लक्ष करतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिचं कलम १६५. त्यात म्हटलंय की प्रत्येक गावात ओलिताचे, वाटेचे, वहिवाटीचे जे रिवाज आहेत त्यांची आणि मासेमारीच्या हक्काची नोंद जिल्हाधिकाऱ्याने करायची. आणि ही नोंद सरकारच्या पाण्याची नाही, तर जी जमीन किंवा पाणी सरकारचं वा स्थानिक संस्थेचं नाही त्यातल्या रिवाजाची. या नोंदीचं नाव वाजिब-उल-अर्ज. म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या पाण्यात गावातल्या कुणाला जाळं टाकायचा रिवाज आहे, हे लिहून ठेवायची जागा कायद्याने मुद्दाम केली आहे. ही तरतूद आपल्या विदर्भासाठी आहे. पुण्याकडच्या वकिलाला ती माहीत नसली तर नवल नाही. मालगुजारीच्या मुलखात मालक एक आणि वापरणारे अनेक अशीच रचना होती, म्हणून ती आली.

बोडी जर खरंच खाजगी निघाली, तर वाजिब-उल-अर्जात तिच्यासमोर काय लिहिलंय हे तुमचं सगळ्यात मोठं हत्यार आहे. 'ढिवर लोक मासे धरतात' एवढी ओळ जरी असली, तरी तुमचं पाण्यावर असणं मालकाच्या मर्जीतून बाहेर येऊन रिवाजात जमा होतं. विकत घेणारा त्या रिवाजासकट बोडी घेतो. ओळ नसेल तर ती नव्याने घालायचे दोन भक्कम मार्ग आहेत, एक संबंधित सगळ्यांची संमती आणि दुसरा दिवाणी न्यायालयाचा निर्णय. संमतीचा मार्ग रजिस्ट्रीच्या आधी खुला आहे. रजिस्ट्रीनंतर ती रिसॉर्टवाल्याकडे मागावी लागेल.

आता वाईट बातमी. ती गोड करून सांगत नाही.

ओडिशातल्या चिलिका सरोवराचा काही भाग पारिकुडच्या राजाच्या इस्टेटीत होता. काही लोकांनी राजाला मोठ्या रकमा मोजून सरोवराच्या ठराविक भागांत पुढच्या वर्षांची मासेमारी घेतली होती. पावत्या होत्या, पण व्यवहार तोंडी होता, तिथली रीतच तशी. १९५३ साली इस्टेट सरकारजमा झाली आणि सरकारने तो व्यवहार मानायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आनंद बेहेरा विरुद्ध ओडिशा राज्य, १९५५. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे त्याआधी आपल्याच नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी म्हटलं की दुसऱ्याच्या पाण्यात शिरून मासे धरून नेण्याचा हक्क म्हणजे जमिनीपासून मिळणारा लाभ, म्हणजे स्थावर मालमत्ता. शंभर रुपयांवरचा असा हक्क विकायचा तर लेखी आणि नोंदवलेला दस्त पाहिजे. दस्त नाही, म्हणून हक्क त्यांच्याकडे कधी आलाच नाही.

पैसे दिले होते हे कुणी नाकारलं नव्हतं. तरी ते हरले. गेली सत्तर वर्षं तो निकाल उभा आहे, आणि देशात कुठेही जमीनदाराचं पाणी हात बदलतं तेव्हा समोरचा वकील तोच पुढे करतो. तुमच्या चाळीस हजारांच्या बाबतीतही करेल.

दुसरी अडचण अशी. बरेच जण सांगतील, 'वीस वर्षांहून जास्त वहिवाट आहे, हक्क आपोआप मिळाला.' सुविधाधिकार कायद्यात (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वापराच्या हक्कांचा कायदा) वीस वर्षांच्या वहिवाटीची तरतूद आहे खरी, पण ती वहिवाट हक्काने केलेली लागते, परवानगीने केलेली चालत नाही. दरवर्षी रक्कम देणं हाच परवानगीचा पुरावा ठरतो. म्हणजे ज्या पावत्या तुम्ही 'आम्ही पैसे भरत होतो' म्हणून अभिमानाने दाखवाल, त्याच पावत्या तुमचा वहिवाटीचा दावा बुडवू शकतात. म्हणून कुणाही ओळखीच्या माणसाकडून घाईत नोटीस लिहून घेऊ नका. आधी ठरवा, आपण रिवाज सांगतोय, मक्ता सांगतोय की वहिवाट. पहिल्या नोटिशीत तिन्ही कालवली की समोरचा त्यातली सोयीची ओळ उचलतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वकिलीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी पवनीकडच्या एका वस्तीचं असंच प्रकरण माझ्याकडे आलं. त्यांच्याकडे बावीस वर्षांच्या वह्या होत्या, सगळा हिशेब मालकाच्या कारभाऱ्याच्या हातचा. मी त्या वह्यांवर इतकी विसंबले की अभिलेख कक्षाची पायरी चढले नाही. वह्यांवर सही कुणाचीच नव्हती. आम्ही हरलो, आणि निकालानंतर दोन वर्षांनी दुसऱ्याच एका कामासाठी मिसल चाळताना त्या गावाचं वाजिब-उल-अर्ज माझ्या हाती आलं. मासेमारीची ओळ तिथे होती. तोवर बोडीच्या जागी धानाची बांधी झाली होती. त्या वस्तीतली एक म्हातारी मला अजून बाजारात भेटते, हात धरून ख्यालीखुशाली विचारते, आणि मला तिच्या डोळ्यांत बघवत नाही. म्हणून तुम्हाला एवढं बजावून सांगते.

मग बोडीसाठी करायचं काय? रजिस्ट्री व्हायची आहे तोवर विकणाऱ्या घराण्याशी बोला. नातवंडांत एखादा तरी असतो ज्याला आजोबांचा शब्द आठवतो. त्याला गाठा, दिवाणजीला नाही. त्यांच्याकडे पैशांची सूट मागू नका, कागद मागा : मासेमारीचा पाच किंवा दहा वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा, गटाच्या नावाने, आजच्याच रकमेवर. एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदवल्याशिवाय चालत नाही, म्हणून साध्या स्टॅम्पवर लिहून देतो म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा. सातबाऱ्यावर जितके वारस आहेत तितक्यांच्या सह्या लागतील. एकट्या थोरल्याची सही असली तर बाकीचे उद्या हात वर करतात. पाळीवरून, म्हणजे बांधावरून, जाण्या-येण्याची वाट, जाळी वाळवायची जागा, डोंगा ठेवायची जागा, शिंगाडे लावता येतील की नाही, उन्हाळ्यात पाणी किती पातळीपर्यंत ठेवायचं, हे सगळं पट्ट्यात शब्दांनी लिहा. पाण्याची पातळी तर नक्कीच लिहा. जाळं टाकायचा हक्क आहे पण एप्रिलमध्ये मालकाने पाणी सोडून दिलं, तर तो हक्क चिखलात राहतो. असा पट्टा एकदा नोंदला की पुढे बोडी कुणीही घेवो, तो घेणाऱ्यालाही बांधतो. नुसती परवानगी असेल तर नवा मालक तिला बांधील नसतो. सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ तसं स्वच्छ सांगतं.

ते तयार झाले नाहीत तर घेणाऱ्याला कळवा. मोठी खरेदी असली की वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो आणि हरकतींसाठी थोडे दिवस देतो, बहुतेक वेळा पंधरवडाभर. गोंदिया-भंडाऱ्याचे पेपर रोज पाहायचं काम दोन शिकलेल्या पोरांकडे द्या. नोटीस आली की मुदतीत लेखी हरकत, पोचपावतीसह. नोटीस आलीच नाही तरी घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही पोचपावती मिळेल अशा टपालाने पत्र पाठवा. यामागे कारण आहे. 'मला माहीतच नव्हतं, मी सरळ मनाने पैसे मोजले' हा खरेदीदाराचा आवडता बचाव असतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात असं धरलंय की प्रत्यक्ष ताब्यात कुणी असेल तर त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला होतीच. पण पाण्यावरचा ताबा दाखवणं घरावरच्या ताब्याइतकं सोपं नसतं, म्हणून पत्र पाहिजे. पाळीवर गटाचा फलक लावा, जाळी तिथेच वाळवा, आणि खरेदीदाराची माणसं जागा पाहायला येतील त्या दिवशी तुमचे डोंगे पाण्यात असू द्या.

दावा लावायची वेळ आली तर तुमच्या वकिलाला एक आठवण द्या. महाराष्ट्रात नुसता दावा दाखल केल्याने नंतरचा खरेदीदार बांधला जात नाही. दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. हे राहून गेल्यामुळे हरलेले लोक मी पाहिले आहेत.

घेणारा शेतकरी आहे का, हेही विचारा. विदर्भाच्या १९५८ च्या कूळ कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहजासहजी विकता येत नाही. तुमच्या हक्काशी याचा थेट संबंध नाही, पण वेळ मिळवून द्यायला हा प्रश्न उपयोगी पडतो, आणि तुम्हाला आज सगळ्यात जास्त गरज वेळेची आहे. त्याच कायद्यात आपण 'कूळ' म्हणून बसू का, असं गावात कुणीतरी म्हणेल. तो कायदा शेती कसणाऱ्याचा आहे, मासेमारी त्यात शेती म्हणून येत नाही. त्या वाटेवर वर्षं घालवू नका.

मोठा तलाव सरकारजमा निघाला तर रस्ता वेगळा. तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, की सरकारी तलाव खाजगी मालमत्ता म्हणून विकला जातोय. प्रत दुय्यम निबंधकाला. या अर्जावर ओलिताच्या शेतकऱ्यांच्या सह्या तुमच्या सह्यांच्या वर घ्या. ढिवरांचा अर्ज टेबलावर पडून राहतो, धान पिकवणाऱ्या पंचवीस खातेदारांचा राहत नाही. हे बरं नाही, पण असंच आहे. आणि त्यांचंही हित त्यातच आहे : रिसॉर्टला नौकेसाठी वर्षभर भरलेला तलाव हवा असतो, तुडूम बंद असलेला.

पण इथे सावध राहा. सरकारी तलावातली मासेमारी नोंदणीकृत मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने मिळते. तुमच्या पत्रात 'गट' आहे. तो नोंदलेला आहे का? नसेल तर तलाव सरकारचा आहे हे तुम्ही सिद्ध कराल आणि ठेका तालुक्यातली दुसरीच कुठली संस्था घेऊन जाईल. दहा वेगवेगळ्या कुटुंबांतली माणसं मिळाली की १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदणीचा प्रस्ताव देता येतो. तुमच्याकडे चौतीस घरं आहेत. हे काम कागद शोधण्याच्या बरोबरीनेच सुरू करा. आणि सभासद बायांनाही करा. तुमच्याच तालुक्यात ढिवर बायांनी बेशरमी या माजलेल्या झुडपाने गिळलेले तलाव उपसून, देशी पाणवनस्पती लावून मरळ, दाडक हे मासे परत आणल्याचं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तसं काही काम तुमच्या गावात झालं असेल तर त्याचे फोटो आणि तारखा जपा. नुसतं घेणारे आणि पाणी सांभाळणारे यांत न्यायालयही फरक करतं.

बायांचं आणखी एक कारण आहे. वकिलाची फी ही तुमची मोठी चिंता असणार. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींना तो मिळतोच, पण ढिवर समाज भटक्या जमातींत मोडतो, त्यामुळे पुरुषांना उत्पन्नाची अट लागते. महिलांना लागत नाही. तेव्हा दावा किंवा अर्ज बायांच्या नावाने न्या. जाळं विणणारी, मासे विकणारी बाई ही या प्रकरणात काही दुय्यम पक्षकार नाही.

एक छोटी शक्यता राहिली. जुन्या अभिलेखात तलावाची जमीन जंगल किंवा झुडपी जंगल म्हणून लागलेली असेल, तर २००६ चा वनहक्क कायदा पाहा. त्यात पाणवठ्यातले मासे हा सामूहिक हक्क म्हणून लिहिला आहे, आणि जमीनदारीच्या काळातल्या निस्तार हक्कांचाही नाव घेऊन उल्लेख आहे. आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचं, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. दावा ग्रामसभेतून जातो. नोंद तशी नसेल तर हा परिच्छेद विसरून जा.

आणि समजा सगळंच विरुद्ध गेलं. तलाव खाजगी निघाला, वाजिब-उल-अर्ज कोरं, वारसांनी पट्टा दिला नाही, रजिस्ट्री झाली. तरीही कुणी सकाळी येऊन 'आजपासून बंद' म्हणू शकत नाही. निव्वळ परवानगी होती असं धरलं तरी सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे निघण्यासाठी आणि आपला माल नेण्यासाठी वाजवी मुदत मिळते. आणि कलम ६४ प्रमाणे मोबदला घेऊन दिलेली परवानगी तुमची चूक नसताना अर्ध्यावर काढली, तर भरपाई मिळते. ती द्यायची जुन्या मालकाने. तुम्ही मागच्या दसऱ्याला वर्षाची रक्कम दिली आहे. म्हणजे येत्या दसऱ्यापर्यंतचा काळ तुम्ही विकत घेतलेला आहे. तडजोड करायचीच झाली तर बोलणी तिथून सुरू करा : वर्षाचं उत्पन्न, सोडलेल्या बीजाची किंमत, आणि वाढलेले मासे काढून न्यायला लागणारे महिने. दिवाणजींच्या दोन लाखांत यातलं काय धरलंय ते त्यांना लिहून द्यायला सांगा.

तेव्हा तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला वाटतं तुमच्या वडिलांनी विचारायला लावला असेल. बीज सोडायचं की नाही?

सोडा. दरवर्षी सोडता त्याच वेळी, तलावातही आणि बोडीतही. यंदा थांबलात तर 'यांनी स्वतःच जाळी उचलली' असं पुढे म्हटलं जाईल, आणि तीन पिढ्यांच्या सलग ओळीत पहिला खाडा तुमच्या हातून पडेल. पण बेताने करा. जोखीम खरी आहे, म्हणून यंदा कर्ज काढून नको. नेहमीच्या निम्मी बोटुकली (माशांची पिल्लं) पुरे. रोहू, कटला ज्या केंद्रातून आणाल त्याचं बिल गटाच्या नावाने घ्या, त्यावर तलावाचं आणि बोडीचं नाव लिहून घ्या. सोडण्याच्या आठ दिवस आधी नागपूरच्या वारसांना पोचपावतीचं पत्र टाका की नेहमीप्रमाणे अमुक तारखेला बीज सोडत आहोत. हरकत घेतली नाही तर ते मौन तुमच्या कामाचं, हरकत घेतली तर तिचं उत्तर लेखी देता येईल, आणि त्याच दिवशी वकिलाकडे जाता येईल. त्या दिवशी पोलीस पाटलांना पाळीवर बोलवा, सरपंचांना बोलवा, ओलिताच्या शेतकऱ्यांना बोलवा, फोटो काढा. वडिलांचं वय झालं असेल तर त्यांना खुर्ची न्या, पण पहिली बादली त्यांच्या हातून पाण्यात जाऊ द्या, आणि म्हातारे मालक त्यांना काय म्हणाले होते, कुठे उभे राहून, कोण कोण हजर होतं, हे त्यांच्या तोंडून मोबाइलवर पूर्ण रेकॉर्ड करून घ्या. साक्ष द्यायला अजून ते आहेत.

मिसल किंवा वाजिब-उल-अर्जाचं पान हाती आलं की लगेच त्याचा फोटो मला पाठवा. त्यातली जुनी भाषा अडखळायला लावते, मी वाचून देईन.

तुमची ताई